जपलेली लिफ्ट

मिस्त्री म्हणतील ती गल्लीत काळ्या दगडावरची रेघ होती. त्यांनी एखाद्या लिफ्टच्या तळमजल्यावरच्या दाराला लाल चिंधी बांधली की ती लिफ्ट मेली. कोणी वाद घालत नसे आणि दुसऱ्या कोणाला विचारायलाही जात नसे. जायचं तरी कोणाकडे? लिफ्टमधलं कळणारा तो एकच माणूस उरला होता. चिंधी दिसली की इमारतीतल्या लोकांनी येत्या रविवारी जमायचं आणि लिफ्ट सोलून घ्यायची. मोटारीतलं तांबं कुठल्यातरी पंपाला, दोर कुठे, लोखंडी वजनं कुठे, काही म्हणून वाया घालवायचं नाही. फक्त वरच्या खोलीतल्या पेटीतला बोर्ड मिस्त्रींचा. लिफ्टला वर जा, खाली ये, थांब असं सांगणारी ती हिरवी पाटी मिस्त्री घरी नेत, दुरुस्त करत, आणि दुसरी एखादी लिफ्ट त्यावर आणखी काही दिवस काढे.

नवे बोर्ड येणं कधीच बंद झालं होतं. आधी ते उशिरा येऊ लागले, मग फार महाग झाले, आणि मग कंपनीचा फोनच कोणी उचलेना. त्यात घालायचे धातू आता खाणीतून निघत नाहीत असं कोणी म्हणे, कोणी म्हणे निघतात पण आपल्यापर्यंत पोचत नाहीत. आपल्यासारख्यांना दोन्ही सारखंच. पूर्वी प्रत्येक इमारतीत दोन लिफ्ट होत्या. एकीने दुसरीला खाल्लं आणि एकेक उरली. मग त्याही जाऊ लागल्या.

मिस्त्रींचा एक नियम होता: चालत्या लिफ्टला हात लावायचा नाही. तिचा बोर्ड काढून आम्हाला द्या म्हणून कोणी कितीही ओरडलं, रडलं, तरी नाही. हा नियम त्यांच्यापेक्षा त्यांच्या बायकोच्या तोंडी जास्त असे. तिला सगळे वहिनी म्हणत आणि वहिनींना ते फार आवडे. दुकानात रांग असली तरी कोणी ना कोणी म्हणायचं, ‘वहिनींना आधी द्या, मिस्त्री जेवायचे थांबले असतील.’ वहिनी ‘अहो नको नको’ म्हणत पुढे जायच्या. मान थोडी ताठ करून चालायची सवय त्यांना लागली होती, आणि उगाच लपवायचं कशाला, नवऱ्याच्या जिवावर ताठ झालेली मान होती ती.

वहिनी नवव्या मजल्यावर राहायच्या. सोबत त्यांची आई. आईचं खुब्याचं हाड मोडून जोडलेलं, चालणं काठीने, आणि जिना म्हणजे वैरी. पण सकाळ-संध्याकाळ वीज आली की लिफ्टने खाली उतरायचं आणि दारापाशी बाकावर ठाण मांडायचं, हा आईचा दरबार होता. कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणाची सून माहेरी गेली, सगळं आईला आधी कळायचं.

त्यांच्या इमारतीतली लिफ्ट लोक कशी वापरत हे सांगायला माझी जीभ रेटत नाही, पण सांगतो. पहिल्या मजल्यावरचे धडधाकट बाप्ये लिफ्टने जायचे. चौथ्या मजल्यावरची विसरलेली छत्री आणायला रिकामी लिफ्ट वर पाठवली जायची. दारात पिशवी अडकवून गप्पा मारत बसायची तर चालच होती. दार बिचारं पिशवीवर आपटत राहायचं. मिस्त्री समजावून थकले. ‘आपले मिस्त्री आहेत ना’, असं हसून उत्तर मिळायचं, आणि ते ऐकून वहिनींच्याही तोंडावर हसू फुटायचं.

शेवटी एका सकाळी ती लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि बोर्डातून धूर आला. मिस्त्रींनी तो घरी आणला, आठ दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याच्याशी झटले, आणि नाही म्हणून मान हलवली. पण लगेच चिंधी बांधली नाही.

आईचा दरबार उठला. पहिले काही दिवस ती खिडकीशी बसली. मग खिडकीकडे पाठ करून बसली. मग जेवण निम्म्यावर आलं. ‘कोणाशी बोलायचं आहे मला, भिंतीशी?’ असं ती एकदा म्हणाली आणि नंतर तेही म्हणेना. वहिनी दिवसभर चिडचिड करायच्या. एक दिवस ताट तसंच परत आलं तेव्हा त्यांचा तोल गेला.

"गल्लीभर लोकांच्या लिफ्ट चालवता आणि घरातलं माणूस कोंडून ठेवता! काहीही करा. मला बाकी काही ऐकायचं नाही. काहीही करा, पण आईला खाली आणा."

जेवण उरकून हात धुताना मिस्त्री नळाखाली बराच वेळ हात धरून उभे राहिले. पाणी वाया जातंय, म्हणून वहिनींनीच नळ बंद केला.

दोन दिवसांनी रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या लिफ्टला लाल चिंधी लागली. त्याच दिवशी संध्याकाळी वीज आली तशी मिस्त्रींनी आपल्या इमारतीतली लिफ्ट सुरू केली.

काय तो आनंद! आई केस विंचरून, चांगलं लुगडं नेसून खाली उतरली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तीन वेळा वर-खाली करून तिने खात्री करून घेतली. "जावईबापू, तुमच्या हाताला यश आहे," असं ती चारचौघांत म्हणाली. मिस्त्री मान खाली घालून हत्यारं पिशवीत भरत होते. लोकांना वाटलं, माणूस किती विनयशील आहे.

पलीकडच्या इमारतीचं वाईट सगळ्यांनाच वाटलं. विशेषतः अकराव्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींसाठी. मावशींचे गुडघे गेलेले, घरात दुसरं कोणी नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या लिफ्टने खाली यायच्या, शेजारी त्यांचं मशीन उतरवायचे, आणि मावशी तळमजल्यावर दिवसभर गल्लीची फाटकी कापडं नीट करत बसायच्या. नवं कापड दुर्मीळ झाल्यापासून त्यांना भारीच काम. मिस्त्रींच्या शर्टाच्या कॉलरी त्यांनीच उलटवून दिल्या होत्या. ‘अरेरे,’ वहिनी म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या. पण आई ताट चाटूनपुसून संपवत होती, त्यामुळे ते ‘अरेरे’ फार वेळ टिकलं नाही.

रविवारी पलीकडच्यांनी आपली लिफ्ट सोलली. सोमवारी सकाळी त्या इमारतीचे सेक्रेटरी, एक उंच, वाकलेले गृहस्थ, हातात स्टूल घेऊन नवव्या मजल्यावर आले. जुन्या काळी लिफ्टमन बसायचा ते लाकडी स्टूल. त्यावर नवी गादी शिवून बसवली होती.

"आईंसाठी," ते म्हणाले. "आमच्या लिफ्टमधलं आहे. आता आम्हाला काय करायचंय? मावशी म्हणाल्या, त्यांच्या खुब्याला उभं राहवत नसेल, देऊन या. गादी त्यांनीच शिवली. त्या बाजूला जरा जास्त भरलीय बघा, दुखऱ्या अंगाला."

वहिनींना भरून आलं. त्या म्हणाल्या, "तुमची गेली हो, फार वाईट झालं."

"काय करणार?" सेक्रेटरी म्हणाले. "मिस्त्रींनी फार प्रयत्न केले. आम्हाला सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मावशीच आम्हाला म्हणाल्या, मेलेल्या बोर्डातून एक तरी लिफ्ट चालते ना, मग झालं." ते थोडं हसले. "खरं सांगू का, आम्हाला वाटलं होतं आमची सगळ्यांच्या मागून जाईल. आठवड्यातून दोनच दिवस चालवायचो. तरणी पोरं सगळी जिन्याने. मावशी म्हणायच्या, मी आहे तोवर टिकवा, मग गेली तरी चालेल."

सेक्रेटरी गेले. आईने स्टुलावर बसून पाहिलं आणि ‘अगदी मापाचं’ असा निवाडा दिला. वहिनी मात्र टेबल पुसता पुसता थांबल्या.

दर वेळी मेलेल्या लिफ्टचा बोर्ड घरी आला की हे टेबल आठ-दहा दिवस मिस्त्रींचं असायचं. कथिलाचा धूर, डाग द्यायच्या सळईचा वास, जेवायला जमिनीवर बसायची वेळ. मेलेला बोर्ड तसाच्या तसा कधी चालला नव्हता. चालला असता तर तो मेला कशाला असता? आणि या वेळी मिस्त्रींनी सकाळी तिकडे चिंधी बांधली आणि संध्याकाळी इकडे लिफ्ट चालू. टेबलावर एक थेंब कथील सांडलं नव्हतं.

मिस्त्री दुपारी जेवायला आले. आई खाली दरबारात होती.

"तो बोर्ड," वहिनींनी विचारलं, "घरी का नाही आणला?"

मिस्त्रींनी घास तोंडाशी नेला आणि परत ताटात ठेवला.

"चांगला होता," ते म्हणाले.

"चांगला म्हणजे?"

"म्हणजे चांगला. सगळ्या गल्लीत तेवढा एकच चांगला होता. त्यांनी जपला होता ना."

वहिनींनी खुर्ची ओढून घेतली. "त्यांची लिफ्ट चालू होती?"

"आज ना उद्या जाणारच होती," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनाच ते खोटं वाटलं असावं. "नाही. चालली असती. बरेच दिवस चालली असती." ते ताटाकडे बघत होते. "तू म्हणालीस काहीही करा. मी तुझ्यावर ढकलत नाही. चिंधी मी बांधली."

पण ढकलायची गरजच नव्हती. ते ‘काहीही’ वहिनींच्या कानात त्यांच्याच आवाजात वाजत होतं. नवऱ्यावर ओरडावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. मिस्त्रींच्या शर्टाची कॉलर त्यांच्या समोर होती, बारीक टाक्यांनी उलटवलेली.

"उठा," त्या म्हणाल्या. "बोर्ड काढा. आत्ता. परत बसवून या."

"आणि काय सांगू?"

"सांगा चूक झाली. सांगा चोरी केली. काय वाटेल ते सांगा, पण उठा."

"आई?"

वहिनींनी त्यांचं ताट उचललं. मिस्त्री उठले.

रविवारी सोलल्यावर तिकडे काय उरलंय ते आधी बघून येऊ, मोटार आणि दोर अजून तिथेच असले तर बोर्ड नेऊ, असं मिस्त्री म्हणाले आणि दोघं रस्ता ओलांडून गेली. पलीकडच्या तळमजल्यावर सेक्रेटरी भेटले. मिस्त्रींना पाहून त्यांना इतका आनंद झाला की ते बोलूच देईनात. "या, या, दाखवतो. तुम्हाला बरं वाटेल." त्यांनी लिफ्टचं दार ओढून उघडलं.

आत काही नव्हतं. वरपर्यंत काळोखी पोकळी, आणि खाली झाडून घेतलेली जमीन.

"मोटारीचं तांबं दवाखान्याच्या पंपाला गेलं," सेक्रेटरी सांगू लागले. "वजनं बेकरीवाल्याने नेली, भट्टीच्या दाराला. दोराचे तुकडे केले. पत्रा शाळेच्या टाकीवर. एक खिळा वाया घालवला नाही बघा. सगळे राबले. तुम्ही नेहमी सांगता तसंच केलं."

मिस्त्री आत डोकं घालून वर बघत राहिले. मग ते जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसले. ‘उन्हातून आलात ना,’ असं म्हणत सेक्रेटरी पाणी आणायला गेले.

"मी जाते वर," वहिनी म्हणाल्या.

"मी येतो."

"तुम्ही बसा."

नवव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला जिने नवे नव्हते. लिफ्ट बंद असताना त्या रोज चढायच्या आणि रोज कुरकुरायच्या. पण आज सहाव्या मजल्यावर त्यांना थांबून कठडा धरावा लागला, आणि तेव्हा त्यांच्या मनात आलं की परत फिरावं. मावशींना काय कळणार आहे? कोण सांगणार आहे? हा विचार त्यांना इतका चटकन आणि इतका सहज सुचला की त्यांना स्वतःची किळस आली. त्या पुन्हा चढू लागल्या.

मावशींचं दार उघडंच होतं. खिडकीपाशी मशीन, मशीनपाशी मावशी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा.

"अगं बाई, तू? एवढे जिने चढून? बैस, आधी बैस. धापा बघ किती टाकतेस." काठी टेकत त्या उठल्या आणि झाकलेल्या भांड्यातून पेला भरून दिला. वहिनींनी तो घटाघटा अर्धा संपवला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हे पाणी कोणीतरी अकरा मजले हातात वाहून आणलेलं आहे. या इमारतीचा पंप सातव्यापुढे पाणी चढवत नव्हता. उरलेला पेला त्यांनी हातात तसाच धरून ठेवला.

"स्टूल बसलं का नीट आईला? आवडलं?"

वहिनींनी सांगून टाकलं. घोळात घोळ घालत, मागचं पुढे पुढचं मागे करत, पण सगळं सांगितलं. ‘काहीही करा’ हेही सांगितलं.

मावशींनी मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"म्हणजे ती चालत होती?"

"हो."

"त्या शुक्रवारी मी खाली येणार होते. मग वाटलं, दोनच कपडे तर आहेत, पुढच्या मंगळवारी एकदमच जाऊ. एक फेरी वाचेल." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. समोर वहिनींची इमारत दिसत होती. "फेरी वाचवली मी. कोणासाठी गं वाचवली?"

वहिनी पेला घेऊन खिडकीसमोरून बाजूला सरकल्या.

"जा," मावशी म्हणाल्या. "तोंड दाखवू नकोस मला. जा."

वहिनी उठल्या. पेला कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. दाराशी पोचल्या तोच मागून आवाज आला.

"थांब. खाली कोणाला सांगितलंस?"

"नाही. आधी तुम्हाला. आता सेक्रेटरींना सांगते, सगळ्यांना सांगते. ते सगळे मिळून जी शिक्षा..."

"कोणाला सांगू नकोस."

वहिनींना वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"राग मला आलाय आणि तो जायचा नाही," मावशी म्हणाल्या. "माफ केलं असं समजू नकोस. पण हे बाहेर कळलं तर उद्या तुझ्या नवऱ्याला कोण दारात उभं करेल? पंप तोच बघतो. दवाखान्याचंही तोच बघतो. पुढच्या वेळी त्याने खरी चिंधी बांधली तरी लोक म्हणतील खोटी. मग ती लिफ्ट तशीच गंजत पडेल, आणि एकमेकांवर पहारे बसतील ते वेगळेच. दुसरा मिस्त्री कुठून आणायचा? तोही आता मिळत नाही."

"मग मी काय करू, मावशी?" वहिनींच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आमची लिफ्ट बंद करू? आईला सांगते, नको उतरूस खाली."

"त्याने मी खाली येईन का?"

मावशींनी चष्मा वर केला आणि पुन्हा शिवायला घेतलं. मशीनचा आवाज सुरू झाला. वहिनींनी पेला दाराशेजारी ठेवला आणि त्या निघाल्या.

खाली मिस्त्री पायरीवरच बसले होते. सेक्रेटरी कुठे दिसत नव्हते. मिस्त्रींनी मान वर करून बघितलं.

"कोणाला सांगू नका म्हणाल्या," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यावाचून अडेल सगळ्यांचं, म्हणून."

क्षणभरच, पण मिस्त्रींच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी उमटलं. वहिनींना ते दिसलं. त्यांना नवऱ्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आणि मग त्यांना कळलं की अकरा मजले उतरताना आपलंही पाऊल हलकं पडत होतं. उद्या दुकानात लोक आपल्याला पुढे जाऊ देतील, हेसुद्धा पाचव्या मजल्याच्या आसपास आपल्या मनात येऊन गेलं होतं. त्या नवऱ्याकडे बघू शकल्या नाहीत.

दोघं रस्ता ओलांडून परत आली. संध्याकाळची वीज आली होती. आई लिफ्टमध्ये स्टुलावर बसली होती आणि दार काठीने अडवून धरलं होतं.

"या, या! तुमच्यासाठीच थांबवून ठेवलीय."

"आम्ही जिन्याने येतो," मिस्त्री म्हणाले.

"लिफ्ट असताना? वेड लागलंय का जावईबापू? तुम्हीच चालू केलीत आणि तुम्हीच जिन्याने!" बाकावरचे लोक हसले. न जायचं तर कारण सांगावं लागलं असतं. दोघं आत शिरली. आईने काठी काढली आणि दार मिटलं.

लिफ्ट गुळगुळीत वर चढू लागली. एक धक्का नाही, एक कुरकुर नाही. आई गादीवरून हात फिरवत होती.

"किती गं गुणी बाई ती. मी न सांगता दुखऱ्या बाजूचा विचार केला." ती थोडं थांबली आणि तिला काहीतरी सुचलं. "मी काय म्हणते, एक दिवस त्या मावशींना बोलावू या ना आपल्याकडे. आपल्या लिफ्टमधून जरा वर-खाली फिरवू. बरं वाटेल त्यांना."

वहिनी आकड्यांकडे बघत राहिल्या. पाच. सहा.

"अरे हो," आई म्हणाली. "पण त्या तिथून खाली कशा उतरणार?"